काचेवरचा मिलिंद

मी जाहिरात एजन्सीत नोकरी केली असं सांगितलं की समोरच्याचा चेहरा खुलतो. आता हा नट्यांच्या आणि पार्ट्यांच्या गोष्टी सांगणार, असं त्याला वाटतं. मग मी सांगतो की एजन्सी नाशिकची होती आणि काळ सत्तर-ऐंशीच्या दशकांतला. त्यावर तो "अच्छा, अच्छा" म्हणतो आणि विषय बदलतो. या अंकाच्या संपादकांनी मात्र विषय बदलला नाही. "गमतीजमती लिहा," म्हणाले. गमतीजमती होत्या, नाही असं नाही. पण लिहायला बसलो की एकच गोष्ट पुढे येऊन बसते आणि बाकीच्यांना तोंड उघडू देत नाही.

माझा हुद्दा होता अकाउंट एक्झिक्युटिव्ह. म्हणजे गिऱ्हाईक सांभाळणारा माणूस. दुकानदाराला काय हवंय ते ऐकायचं, आर्टिस्टला समजावायचं आणि दोघांचीही बोलणी खायची. माझ्या सासऱ्यांना शेवटपर्यंत वाटत होतं की जावई कुठेतरी हिशेब लिहितो. मी ते कधी दुरुस्त केलं नाही, कारण हिशेब लिहिणाऱ्याला त्यांच्या लेखी मान होता.

मेनरोडजवळ एका माडीवर आमचं ऑफिस होतं. मालक भाऊसाहेब, आर्टिस्ट वसंता, मी आणि एक प्यून, एवढाच कारभार. वर्तमानपत्रातल्या जाहिराती, हायवेच्या कडेच्या भिंती आणि सिनेमाच्या स्लाइड ही आमची कामं. स्लाइड म्हणजे काय ते आजच्या मुलांना सांगावं लागतं. सिनेमाच्या आधी आणि मध्यंतरात पडद्यावर ज्या जाहिराती दिसत त्या काचेच्या असत. तळहातावर मावेल एवढी काच. मूळ चित्र मोठ्या कागदावर काढायचं, त्याचा फोटो काचेवर उतरवायचा, वर हाताने रंग भरायचे, त्यावर दुसरी काच ठेवून कडेने काळी पट्टी चिकटवायची. टॉकीजच्या मशीनमधल्या दिव्याची धग एवढी असे की काही महिन्यांत काच तडकायची नाहीतर रंग करपायचा. मग पुन्हा नवी करायची.

शहरातल्या आणि तालुक्यांतल्या बऱ्याच टॉकीजमधला हा वेळ आमच्या एजन्सीकडे होता. जाहिराती कमी पडल्या की पडदा रिकामा राही, आणि पडदा रिकामा राहिला की पुढच्या बाकांवरचं पब्लिक शिट्ट्या मारी. म्हणून भाऊसाहेब त्या जागी फुकटच्या स्लाइड घालत. 'शांतता राखा', 'धूम्रपान करू नये', आणि कोणी विचारत आलंच तर 'हरवला आहे'. ते मनाने उदार होतेच, पण शिट्ट्यांना जास्त घाबरत.

वसंता हा चेहऱ्यांचा माणूस. अक्षरं त्याची बेताची, पण चेहरा असा काढायचा की बघणारा त्याच्याशी बोलायला लागेल. भांडीबाजारातल्या एका व्यापाऱ्याला दिवाळीच्या जाहिरातीत आपल्या वारलेल्या वडिलांचा फोटो घालायचा होता. फोटोतले शेठजी असे वटारून बघत की गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढलं नसतं. वसंताने ब्रशच्या टोकाने त्यांच्या ओठांचे कोपरे जरासे उचलले, डोळ्यांखाली सावली दिली, आणि शेठजी हसले. जाहिरात चालली, तो फोटो मोठा करून गल्ल्यामागे लागला. काही वर्षांनी त्याच घरच्या लग्नात नातवंडं मला सांगत होती की आजोबा फार हसतमुख होते. त्यांचा एक जुना नोकर माझ्याशेजारीच जेवत होता. त्याने आणखी एक जिलेबी वाढून घेतली.

आमच्या धंद्यात आणखी एक पद्धत होती. मुंबईसारखी मॉडेल आम्हाला कुठून मिळणार? चेहरा लागला की तो घरातलाच घ्यायचा. साबणाच्या जाहिरातीत भाऊसाहेबांची मेहुणी, बाळगुटीच्या डबीवर माझी धाकटी मुलगी, खताच्या पोत्याला टेकून उभा राहिलेला सुखी शेतकरी म्हणजे आमचा प्यून, ज्याच्याकडे अंगणाएवढीही जमीन नव्हती. कोणाला विचारत नसू. घरच्यांना काय विचारायचं, असंच सगळ्यांना वाटे.

गांगुर्डे आमच्याकडे आले ते आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात. रामदास गांगुर्डे, पाटबंधारे खात्यात कारकून. इस्त्रीचा शर्ट, हातात कापडी पिशवी. दारातच उभे राहिले, बसा म्हटलं तरी बसेनात.

"साहेब, माझा मुलगा हरवलाय," ते म्हणाले. "तुमच्या स्लाइडमध्ये घेता का?"

नाशिक म्हटलं की लोकांना मेळ्यात हरवलेली माणसं आठवतात. हा मुलगा कुठल्याही मेळ्यात हरवला नव्हता. साधा बुधवार होता, नदीकाठचा भाजीबाजार होता. आईने भरलेली पिशवी दुसऱ्या हातात घेण्यासाठी मुलाचा हात सोडला, पुन्हा धरायला गेली तर हात नव्हता. मिलिंद त्याचं नाव, वय सात. पोलिसांत वर्दी झाली होती, पंचवटीतल्या सगळ्या गल्ल्या झाल्या होत्या, नदीत गळही टाकून झाले होते.

मुलाचा फोटो एकच होता, शाळेतला, सगळ्या वर्गाचा. त्यात मिलिंदचा चेहरा नखाएवढा. वसंताने तो मोठा करून घेतला, पुसट झालेलं ब्रशने जोडलं आणि स्लाइड झाली. भाऊसाहेब म्हणाले, "ही काढायची नाही. बाकीची कुठलीही काढा."

त्यानंतर गांगुर्डे टॉकीजमध्ये जाऊ लागले. दर आठवड्याला वेगळ्या. सगळ्यात पुढच्या बाकावर बसायचं, स्लाइड बघायची आणि मध्यंतरानंतर उठून घरी जायचं. एकदा मी विचारलं, पिक्चर कुठला होता. ते आठवायला लागले आणि त्यांना खरंच सांगता येईना. स्लाइड तडकली की आमच्याआधी त्यांना कळे. ते माडीवर येत आणि हळू आवाजात सांगत, "साहेब, नवी कराल तेव्हा वय बदला. आठ पूर्ण झाली त्याला." मग नऊ, मग दहा. आम्ही आकडा बदलत होतो. चेहरा तोच होता, शाळेच्या फोटोतला.

मिलिंदचं वय अकरा झालं त्या वर्षी मात्र गांगुर्डे येऊन खुर्चीवर बसले. आदल्या दिवशी टॉकीजमध्ये स्लाइड लागल्यावर मागून कोणीतरी ओरडलं होतं, "अरे, याचं फक्त वयच वाढतंय का?" सगळं थिएटर हसलं होतं.

"राग नाही आला मला," गांगुर्डे म्हणाले. "बरोबरच बोलला तो. असा मिलिंद आता कुठंच नसणार. लोकांनी ओळखायचं तरी कसं? वसंतराव, तो आत्ता कसा दिसत असंल, तसा काढता येईल का?"

वसंताने माझ्याकडे बघितलं. असं काम आमच्याकडे कधी आलं नव्हतं. पण न जमणारा चेहरा ही गोष्ट वसंता कबूल करणाऱ्यातला नव्हता. तो म्हणाला, "आईंना घेऊन या."

मिलिंदच्या आईला मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बारीक, उभट बाई. नवऱ्याच्या मागे नाही, दोन हात बाजूला उभी राहिली. बाजारच्या त्या दिवसाबद्दल घरात काय बोलणं होत असेल याची मी कल्पना केली नाही, पण ती दोघं एकमेकांकडे बघत नव्हती एवढं दिसलं. वसंताने दोघांनाही खिडकीपाशी बसवून त्यांची कपाळं, हनुवट्या, कान कागदावर उतरवून घेतले. आई सांगत होती, "कपाळ माझ्या थोरल्या भावाचं हाय त्याला. भाऊ हसला की एक गाल आधी वर जायचा, तसंच याचं."

वसंताने पहिलं चित्र काढलं. आईने बघितलं आणि मान हलवली. दुसरंही नापास झालं. तिसऱ्या चित्राकडे तिने बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "मेल्यासारखा दिसतो." वसंताने ते तिच्यासमोरच फाडलं.

पुढचं चित्र त्याने घरी काढलं आणि आठवड्याने आणलं. मलाही ते बघून दचकायला झालं, इतका तो मुलगा जिवंत होता. नुकताच खेळून आलेला, काहीतरी विचारायच्या बेतात असलेला. आईने कागद हातात घेतला आणि खाली बसली, तिथेच, फरशीवर.

"हाच," ती म्हणाली. "असाच झाला असंल."

आमच्या धंद्यात काम संपलं हे कळायची एकच खूण असते. गिऱ्हाइकाला पटलं की संपलं. त्या दिवशी वसंता फार खुशीत होता, आणि मीही होतो.

त्या चित्राची नवी स्लाइड झाली, आणि आईने एक प्रत मागितली. वसंताने मोठं रंगीत चित्र करून फ्रेम घालून दिलं. पुढे बुद्धपौर्णिमेला गांगुर्ड्यांनी मला खिरीला घरी बोलावलं तेव्हा ते बाहेरच्या खोलीत बुद्धाच्या तसबिरीखाली लावलेलं दिसलं. आई आत-बाहेर करताना त्याच्यासमोर आली की थांबायची. चित्राच्या अंदाजाने तिने एक सदराही शिवला होता, निळ्या चौकड्यांचा. मला दाखवला आणि विचारलं, "खांद्यात बसंल ना?" मी चित्राकडे बघून म्हटलं, बसेल.

त्याच वर्षी कांद्याच्या हंगामात लासलगावहून ट्रंककॉल आला. तिथल्या टॉकीजचा मॅनेजर बोलत होता. तुमच्या स्लाइडमधला पोरगा मार्केट यार्डात सापडलाय, लोकांनी धरून ठेवलाय, आई-बापाला घेऊन लगेच या. मी विचारलं, खात्री आहे का? तो म्हणाला, "साहेब, निव्वळ तोच. अख्खं यार्ड बघून गेलं."

वसंता त्या आठवड्यात पेठ तालुक्यात भिंती रंगवायला गेला होता, नाहीतर पुढचं सगळं ऑफिसातच थांबलं असतं. भाऊसाहेबांनी आपली मोटार दिली. गांगुर्डे पुढे बसले, मी आणि मिलिंदची आई मागे. तिच्या मांडीवर तो सदरा होता. सगळ्या वाटेत ती एकदाच बोलली. म्हणाली, "जेवला असंल का?"

यार्डात लिलाव चालू होते. ट्रॅक्टरांच्या रांगेतून वाट काढत आम्ही एका अडत्याच्या गाळ्यापर्यंत पोचलो तर बाहेर ही गर्दी. आत गादीवर एक बारा वर्षांचा मुलगा बसला होता. पुढ्यात चहा आणि बिस्किटं, त्याने कशालाच हात लावलेला नव्हता. मी त्याच्याकडे बघितलं. नाक, डोळे, काहीतरी विचारायच्या बेतात असलेलं तोंड, सगळं तेच.

"मी राजू हे," तो रडवेला होऊन सांगत होता. "माझी आई तिकडं कांदे निवडती."

"लहानपणी उचललेलं पोर," अडते मला म्हणाले. "त्याला काय याद राहणार? बाई बी नवीनच आलीय यार्डात, कोण कुठली कोणाला ठाऊक नाय. आम्ही माणूस धाडलाय तिला आणायला."

मिलिंदची आई सरळ आत गेली. तिने मुलाचा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि हसली. तिला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं, गेल्या चार वर्षांत गांगुर्ड्यांनीही नसावं. मग तिने त्याचा हात धरला. तो हात तिने कसा धरला होता ते मला सांगता येणार नाही. पोराची बोटं पांढरी पडली होती. बाहेर कोणीतरी हात जोडले, एक म्हातारा हमाल डोळे पुसायला लागला. गांगुर्डे मात्र दारातच उभे होते. ते मुलाकडे बघत होते आणि त्यांच्या तोंडावर काहीच नव्हतं.

तेवढ्यात गर्दी हटवत दुसरी बाई आली. डोक्याला फडकं बांधलेलं, हात कांद्याच्या टरफलांनी माखलेले. ती गाळ्यात शिरली ती ओरडतच.

"सोड माझ्या पोराला! चोर समजता का मला? नवरा मेला म्हणून गाव सोडून कामाला आले, तर पोरच माझं नाय म्हणता? त्याच्या मामाला बोलवा नाशिकहून. त्याला विचारा."

मी विचारलं, "मामा कोण?"

"वसंता पेंटर," ती म्हणाली. "शिनेमाच्या पाट्या काढतो. माझा सख्खा भाऊ हे."

वसंताने घरी बसून चेहरा काढला होता तो असा. भाच्याचा फोटो समोर ठेवला होता, त्याला मिलिंदच्या आईने सांगितलेलं कपाळ जोडलं होतं. इतकी वर्षं आम्ही जे करत आलो तेच त्याने केलं होतं. बहीण तेव्हा एका आडगावात राहत होती, तिथे टॉकीज नव्हती, ती कधी लासलगावला येईल असं त्याच्या डोक्यातही आलं नसणार.

मी सगळ्यांना सांगितलं. अडते चपापले, गर्दीतली माणसं एकेक करून लिलावाकडे निघून गेली. मिलिंदच्या आईने ऐकलं की नाही कळेना. तिने हात सोडला नव्हता.

मग राजूची आई ओरडायची थांबली. ती तिच्याजवळ जाऊन बसली आणि अगदी हळू म्हणाली, "बाई, माझा एकच हे. दे मला."

मिलिंदच्या आईने तिच्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं. "ह्याला मी रोज बघते," ती म्हणाली. "रोज सकाळी उठून बघते. मग हा कोण?"

गांगुर्डे पुढे आले, गुडघ्यावर बसले आणि बायकोची बोटं एकेक करून सोडवू लागले. राजू सुटल्याबरोबर आईच्या कमरेला बिलगला. परत निघताना सदरा गाळ्यातच राहिला होता. तो आणायला मी मागे वळलो तर गांगुर्डे म्हणाले, "राहू द्या. त्याला होईल."

वसंता पेठहून आला तेव्हा मी त्याला झालं ते सांगितलं. त्याने ब्रश धुतले, पुसले, पुन्हा धुतले. शेवटी म्हणाला, "आईला पटला होता ना?" त्यापुढे आम्ही दोघे त्यावर कधी बोललो नाही. मला त्याचा राग आला नाही. त्याच्या जागी नाशिकमधला कुठलाही आर्टिस्ट असता तर त्याने हेच केलं असतं आणि माझ्यासारख्या कोणीतरी त्याची पाठ थोपटली असती. याच गोष्टीने मला त्या धंद्यातून मनाने उठवलं. नोकरी पुढे कितीतरी वर्षं केली, ते वेगळं.

गांगुर्डे महिनाभराने आले. वसंता त्यांना बघून आतल्या खोलीत गेला. मी म्हटलं, "आपण शाळेचा फोटोच परत लावू."

"नको," ते म्हणाले. "चेहराच नको आता. तो सापडला तेव्हा दुसरीत होता. हरवला तेव्हा, म्हणजे. वाचता येत होतं त्याला. लोकांनी ओळखायचं सोडून द्या, त्यानेच वाचावं असं काहीतरी लिहा."

मग आम्ही तशी स्लाइड केली. काळ्या जमिनीवर पांढरी अक्षरं. 'मिलिंद रामदास गांगुर्डे, तू हे वाचत असशील तर घरी ये. घर तिथेच आहे. आई वाट बघते.' खाली पत्ता. इतक्या जाहिराती लिहिल्या मी, पण थिएटरमध्ये शिट्ट्या थांबवणारी तेवढीच. ती वर्षानुवर्षं चालली. पुढे टीव्ही आला, टॉकीज ओस पडू लागल्या, काचेच्या स्लाइड बंद झाल्या. ते सांगायला मीच गांगुर्ड्यांच्या घरी गेलो. ते बाहेर ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. आतून ताटवाट्यांचा आवाज येत होता.

"कोणी आलंय का?" मी विचारलं.

"एक मुलगा आलाय," ते म्हणाले. "येतात अधूनमधून. घरून पळालेले, हॉटेलात कपबशा विसळणारे. स्लाइड वाचतात, पत्ता शोधत येतात आणि म्हणतात, मी मिलिंद. ही कोणाला काही विचारत नाही. आधी जेवायला वाढते."

"आणि मग?"

"मग माझ्याकडे बघते. तिला ओळखता येत नाही ना. शाळेचा फोटो दाखवला तर म्हणते, हा कोणाचा तरी दुसऱ्याचा. डोळे मिटले की तिला तो लासलगावचाच दिसतो. त्यामुळे हो की नाही ते मी सांगायचं."

आतला आवाज थांबला होता.

"मी हो म्हटलं तर चालेल तिला," ते म्हणाले. "मागे एक आला होता, गुणी होता. तोंडापर्यंत आलं होतं माझ्या. पण म्हटलं, उद्या खरा दारात उभा राहिला, तर त्याला काय सांगू?"

मग ते उठले आणि नाही म्हणायला आत गेले.